चारच्या आधीचा एकडा

रात्री साडेअकराला पंखा हलला.
बटण बंद होतं, तरी हलला.
आधी मथूताईला फोन लावला.
ती किल्ल्याच्या पायथ्याशी राहते, घासमंडीच्या वर,
जिथे अंगणातच खडक उघडा पडलाय
आणि तुळससुद्धा कुंडीत लावावी लागते.
"भूकंप? छे रे," ती म्हणाली,
"आत्ताच दूध विरजून ठेवलंय. थांब, बघते.
नाही. साय जागची हललेली नाही."

मग धोबीतलैयाला लावायचा होता.
लावला नाही.

तिथे तलैया नाही आता, पत्त्यात तेवढी उरलीय.
आधी धुणी, मग जलकुंभी, मग अर्ध्या लश्करचा राडारोडा,
मग आम्ही: तिवई, दोर,
साडेत्रेसष्ट किलोचा घण, अडीच फुटांवरून सोडायचा
आणि नळी फूटभर आत जाईतो ठोके मोजायचे.
रामरतन कुशवाह दोर ओढायचा, मी मोजायचो.
मथूताईच्या बाजूला पन्नास ठोके घाला, नळी बोटभर जात नाही.
आमच्या वहीत त्याला एकच शब्द आहे:
नकार.
इथे एक. दोन. तीन. चार.
गेली.
वर ओढली तर विटांचा चुरा, बांगडीचा तुकडा,
त्याखाली भिजलेल्या साबणासारखी काळी माती.
रामरतन हात पुसत म्हणाला,
"साहब, ये ज़मीन तो ना कहना जानती ही नहीं."

दूरचा धक्का पोचतो तोवर दमलेला असतो.
बारीक थरथर वाटेत सांडून गेलेली,
उरतो एक संथ, लांब हेलकावा.
खडकातून तो तसाच पुढे निघून जातो.
मऊ मातीत शिरला की पाय जड होतात त्याचे,
चाल मंदावते,
आणि चाल मंदावली की उंची वाढते.
वर आपटतो, खाली कठीण थर लागतो, पुन्हा वर.
बाहेरचं दार सापडत नाही.
त्यात वर सहा मजले, नेमके त्याच्याच लयीत डुलणारे.

हे मला ठाऊक होतं.
परीक्षेत लिहिलंय मी, आकृतीसकट.

तरी त्या दुपारी
टेबलावर गजकचा डबा आला, मुरैन्याची, तिळाची,
आणि मालक हसत म्हणाले,
चारच्या आधी नुसता एक एकडा.
चौदा. चौदा काही वाईट आकडा नाही.
त्यांनी जबरदस्ती केली असती तर आज सांगायला बरं पडलं असतं.
पेन माझंच होतं.
पाया उथळ झाला, पैसे वाचले,
गजक मात्र आठवडाभर पुरली, घरच्यांना आवडली.

सकाळी गेलो. इमारत उभी होती.
जिन्यात ओल,
गच्चीवरची टाकी रात्री हिंदकळून वाहिलेली.
चौथ्या मजल्यावर पागनीसांची सून, डोळे तांबारलेले,
काखेत पोर.
"बाजूच्या कॉलनीत कोणाला कळलंसुद्धा नाही, काका.
आमच्याकडेच का इतकं? तुम्ही तर मातीतलेच."
आठ-दहा वाक्यं घरून तयार करून नेली होती,
पहिलं तर पाठच होतं.
तिने चहा पुढे केला. घ्या ना, म्हणाली.
मला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधे, खांबाला लागून
एक भेग आहे, केसाएवढी. जुनीही असेल.
तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली,
दोन्ही टोकांना प्लास्टर, खाली पेन्सिलीने तारीख.
भिंत सरकली तर काच तडकते.
"तडकली तर फोन कर," मी म्हटलं.
"आणि नाही तडकली तर?"

तारखेतला एकडा जरा तिरका आला होता.
पुसून पुन्हा काढला.
प्लास्टर धरायला अर्धा तास लागतो.
मी तिथेच पायरीवर बसून राहिलो,
येणाऱ्या-जाणाऱ्याला गुडघे आखडून वाट देत.